मेंदूज्वराचे जंतू औषधाला का जुमानेनासे झाले?

पूज्य बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच लेकरांपैकी यशवंतराव तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू ही बाळे गेली आणि १९२६ साली लाडका राजरत्नही गेला. ज्या घरात परदेशी विद्यापीठांच्या मोठमोठ्या पदव्या होत्या, त्या घराची ही स्थिती. मग चाळीतल्या आणि गावकुसाबाहेरच्या घरांची काय असेल? त्या काळी पेनिसिलिन नव्हते. मूल तापाने फणफणले, मान ताठ झाली, आकडी आली, की आईबापांनी उशाशी बसून राहायचे, एवढेच हाती होते.

आज तसे नाही. औषध आहे, लस आहे, सरकारी दवाखाना आहे. परंतु ज्या औषधांनी आपली मुले वाचू लागली, त्याच औषधांची धार गेल्या पन्नास-साठ वर्षांत बोथट होत चालली आहे. जंतू बदलत आहेत. ते कसे बदलतात आणि त्यांच्या या बदलाला आपण कळत-नकळत कसा हातभार लावतो, हे आपल्या माता-भगिनींना आणि तरुणांना समजले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

मेंदूज्वर म्हणजे काय?

आपल्या मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती पातळ पडद्यांचे आवरण असते. या आवरणाला बाधा होऊन सूज येते, त्या आजाराला डॉक्टर मेनिंजायटिस म्हणतात. बोलीत आपण त्याला मेंदूज्वर म्हणतो. (विषाणूमुळे होणारा जपानी मेंदूज्वर निराळा. त्यात खुद्द मेंदूला सूज येते आणि त्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.) जीवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे मुख्य मानकरी तीन : न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि 'हिब' या तोकड्या नावाने ओळखला जाणारा हिमोफिलस. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जीवाणूंचा मेंदूज्वर झालेल्या दर सहा जणांत एक जण दगावतो आणि दर पाच जणांत एकाला बहिरेपणा, फिट्स किंवा मतिमंदत्व असे काहीतरी आयुष्यभराचे लागून राहते.

या तिन्ही जंतूंची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते कुठून बाहेरून धाडी घालीत येत नाहीत. धडधाकट माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकाघशात ते बिऱ्हाड करून असतात. बहुतेकांना त्यांचा काही त्रास नसतो. एखाद्या वेळी एखाद्या बाळाच्या रक्तात ते शिरतात, तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात आणि मग काही तासांत खेळते मूल बेशुद्ध होते. नाकाघशातल्या या बिऱ्हाडाची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

मेलेल्या जंतूंनी ठेवलेला वारसा

राजरत्न गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ साली, लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ नावाच्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे न्यूमोकॉकसचे दोन प्रकार होते. एकाच्या अंगावर साखरेसारख्या पदार्थाचे गुळगुळीत कवच होते, तो टोचला की उंदीर मरायचा. दुसरा बिनकवचाचा, खरबरीत; तो टोचून उंदराला काही होत नसे. ग्रिफिथ यांनी कवचवाले जंतू उष्णतेने मारून टाकले आणि ते मेलेले जंतू बिनकवचाच्या जिवंत जंतूंबरोबर उंदराला टोचले. मेलेले निरुपद्रवी, जिवंतही निरुपद्रवी. तरी उंदीर मेले! त्यांच्या रक्तात पाहतात तो काय, कवचवाले जंतू जिवंत! मेलेल्यांची विद्या जिवंतांनी उचलली होती.

ही विद्या कशात साठवलेली असते, हे कोडे अमेरिकेत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी या तिघांनी १९४४ साली सोडवले. ती डीएनए या पदार्थात असते. आनुवंशिकता डीएनएतून चालते हे जगाला पहिल्यांदा दाखवून दिले ते या मेंदूज्वराच्या, न्यूमोनियाच्या जंतूनेच. ग्रिफिथ मात्र हे पाहायला उरले नव्हते. १९४१ साली लंडनवरील बॉम्बहल्ल्यात ते मारले गेले.

आता हे आपल्या व्यवहाराच्या भाषेत सांगतो. डीएनए म्हणजे जंतूची कामकाजाची फाईल. न्यूमोकॉकसची फाईल सुमारे २० लाख अक्षरांची आहे. जंतू दुभंगून एकाचे दोन होतात तेव्हा या फाईलची नक्कल होते. आम्हा कारकून मंडळींना ठाऊकच आहे की कितीही सावधपणे नक्कल करा, कधीतरी एखादे अक्षर चुकतेच. तसेच जंतूचेही होते. आणि त्यांची वाढ चक्रवाढ व्याजाची. चांगले खाद्य मिळाले आणि दर अर्ध्या तासाला एकाचे दोन झाले, तर दहा तासांत एका जंतूचे १० लाख ४८ हजार ५७६ होतात. इतक्या नकलांत चुका किती होत असतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. बहुतेक चुका जंतूलाच घातक असतात. एखादीच चूक अशी निघते की तिने औषध बाधेनासे होते.

पण न्यूमोकॉकस एवढ्यावर थांबत नाही. शेजारी मेलेल्या दुसऱ्या जंतूच्या फाईलमधली पानेच्या पाने उचलून तो आपल्या फाईलमध्ये लावून घेतो. हा दुसरा जंतू त्याच्या जातीचाच असला पाहिजे असेही नाही. मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस यांनाही ही कला अवगत आहे.

गवंडी आणि खोटी वीट

पेनिसिलिन जंतूला मारते कसे? जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते. ती भिंत बांधणारी प्रथिने म्हणजे त्याचे गवंडी. पेनिसिलिनचा रेणू हुबेहूब विटेसारखा दिसतो. गवंडी ही खोटी वीट उचलतो आणि ती त्याच्या हाताला जी चिकटते ती सुटतच नाही. बांधकाम थांबते, भिंत खचते, जंतू फुटून मरतो. आपल्या शरीरातील पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला या माऱ्याचा धोका नसतो.

अनेक जंतू पेनिसिलिनला फोडणारे रसायन तयार करून सुटका करून घेतात. हिबमधील असे जंतू १९७४ पासून आढळू लागले. न्यूमोकॉकसची तऱ्हा वेगळी. त्याने गवंडीच बदलले. आपल्या तोंडात राहणारे, सहसा कोणाला त्रास न देणारे काही जंतू आहेत. त्यांच्या फाईलमधून 'गवंड्या'च्या पानांचे तुकडे त्याने उचलले आणि आपल्या पानांत जोडले. गोधडीला ठिगळे लावावीत तशी ही जोडणी शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट दिसली. या नव्या गवंड्याच्या हाताला खोटी वीट नीट चिकटत नाही. बांधकाम चालू राहते आणि औषध वाया जाते.

डर्बनचा धडा

पेनिसिलिनला कमी दाद देणारा न्यूमोकॉकस एका रुग्णात सापडल्याची पहिली नोंद १९६७ साली ऑस्ट्रेलियात झाली. त्यानंतर असे जंतू पापुआ न्यू गिनीच्या खेड्यांत सापडले. जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७७ साली मात्र दक्षिण आफ्रिकेतून बातमी आली. डर्बन शहरात पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या न्यूमोकॉकसने मुले आजारी पडली, त्यांत मेंदूज्वराची मुले होती. पाठोपाठ जोहान्सबर्गच्या रुग्णालयांत एकाच वेळी अनेक औषधांना पुरून उरणारे जंतू आढळले.

तो वर्णभेदाचा काळ होता. काळ्या माणसांची इस्पितळे वेगळी, वस्त्या वेगळ्या. डर्बनचे किंग एडवर्ड आठवे रुग्णालय हे काळ्यांसाठीचे. अशा ठिकाणी खाटांना खाटा लागलेल्या, एकेका वॉर्डात दाटीवाटीने मुले, आणि औषधांचा मारा सतत. जंतूंना एका नाकातून दुसऱ्या नाकात जायला आणि एकमेकांची पाने उचलायला याहून सोयीची जागा कोणती? जंतूला माणसाचा वर्ण कळत नाही, जात कळत नाही. पण माणसांना कोंडून ठेवणारी व्यवस्था त्याच्या पथ्यावर पडते. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे झोपतात, त्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

आणि ही व्याधी काळ्यांच्या वॉर्डात कोंडून राहिली असेही नाही. १९८० च्या दशकात स्पेनमध्ये '२३-एफ' कवचाचा, अनेक औषधांना दाद न देणारा एक वंश नजरेत भरला आणि पाहता पाहता जगभर पसरला. या एका वंशाचे २४० नमुने निरनिराळ्या देशांतून गोळा करून शास्त्रज्ञांनी त्यांच्या फायली अक्षर न् अक्षर वाचल्या. २०११ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. या वंशाचा मूळपुरुष १९७० च्या सुमारास जन्मला असावा. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांपेक्षा तो वयाने फार मोठा नाही! तेवढ्या अवधीत त्याच्या वंशजांनी ७०० हून अधिक वेळा दुसऱ्यांची पाने उचलून आपल्यात लावली होती.

तथागतांनी सर्व काही अनित्य आहे, जे घडते ते कारणांवाचून घडत नाही, असे शिकवले. बौद्ध माणसाला जंतूंची ही उत्क्रांती समजायला जड जाऊ नये. यात दैव नाही, शाप नाही, कुणाचा कोप नाही. कारण आहे, आणि कारण दूर केले की परिणामही आवरता येतो.

छातीत चालते, डोक्यात चालत नाही

मेंदूज्वरात हा प्रश्न जास्त जीवघेणा का ठरतो? रक्तातले वाटेल ते द्रव्य मेंदूत जाऊ नये म्हणून निसर्गाने तेथे कडक पहारा ठेवला आहे. त्या पहाऱ्यातून औषधही थोडेच आत जाते. त्यामुळे अर्धवट निर्ढावलेला जंतू छातीत असला तर पेनिसिलिनच्या मोठ्या मात्रेने मरतो, तोच मेंदूच्या आवरणात असला तर वाचतो. म्हणून २००८ साली अमेरिकेतील प्रमाणक संस्थेने न्यूमोनियासाठी एक आणि मेंदूज्वरासाठी त्याहून कितीतरी कडक, अशा दोन निरनिराळ्या मोजपट्ट्या ठरवल्या. एकच जंतू एका मोजपट्टीने 'बरा होणारा' आणि दुसरीने 'न जुमानणारा' ठरतो.

पेनिसिलिन लंगडे पडले तेव्हा सेफ्ट्रिआक्झोन हे इंजेक्शन पुढे आले. १९९० च्या दशकात त्यालाही दाद न देणारे न्यूमोकॉकस दिसू लागले, तेव्हा त्याच्या जोडीला व्हॅन्कोमायसिन द्यावे लागू लागले. आपल्या देशातही पेनिसिलिनला न जुमानणारे न्यूमोकॉकस रुग्णालयांत आढळतात. २००५ साली दिल्लीत मेनिंगोकॉकसची साथ आली, त्या वेळच्या जंतूंत सिप्रोफ्लॉक्सासिन या नेहमीच्या गोळीला कमी दाद देणारे जंतू निघाले. प्रत्येक पुढचे औषध आधीच्यापेक्षा महाग असते आणि त्याचे बिल कोणाच्या कंबरेवर बसते हे सांगायला नको.

टीबीचा मेंदूज्वर हा आपल्या वस्त्यांतला आणखी एक वैरी. तो तासांत नव्हे, आठवड्यांत वाढतो. टीबीचा जंतू इतरांची पाने उचलीत नाही. केवळ नकलेतल्या चुकांवर तो निर्ढावतो. त्याला ही संधी मिळते ती मुख्यतः तुटक उपचारातून. म्हणून टीबीचे औषध सुरू झाले की डॉक्टर सांगतील तोवर एकही दिवस चुकवू नये.

सर्दीची गोळी आणि नाकातले बिऱ्हाड

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या भाषणात एका कल्पित गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. त्याचा घसा दुखतो, तो दुकानातून पेनिसिलिन आणून स्वतःच थोडेसे घेतो. त्या थोड्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट शिकून तयार होतात. पुढे ते त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन देऊनही ती मरते. गुन्हेगार कोण? फ्लेमिंग यांनी बोट ठेवले ते नवऱ्याच्या बेपर्वाईवर.

आपल्याकडे हे रोज घडते. मुलाला सर्दी झाली की मेडिकलवाल्याकडून दोन दिवसांच्या गोळ्या पाकिटातून कापून आणायच्या, अंग हलके वाटले की उरलेल्या फळीवर ठेवायच्या, पुढच्या खेपेला शेजारणीच्या पोराला द्यायच्या. सर्दी विषाणूची, तिच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. पण नाकाघशात बिऱ्हाड करून असलेल्या त्या जंतूंना मात्र ती गोळी भेटते. साधे जंतू मरतात, निर्ढावलेले उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचेच राज्य होते. मग ते त्याच घरातल्या तान्ह्या बाळाच्या नाकात जातात. म्हणजे गोळी घेतो एक आणि फळ भोगतो दुसराच.

यात सगळा दोष गरिबाला देऊन चालणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाला दवाखान्यात दिवस घालवला तर मजुरी बुडते. तीन दिवसांच्या गोळ्यांना पैसे पुरत नाहीत म्हणून तो एका दिवसाच्या घेतो. बोगस डॉक्टर पहिल्या दिवशीच भारी औषध टोचतो, कारण गिऱ्हाईक परत आले पाहिजे. प्रबळ अँटिबायोटिकांसाठी 'एच-१' या अनुसूचीचा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार ही औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपायची असते. नियम कागदावर चांगला आहे. तो वस्तीतल्या दुकानात पाळला जातो की नाही, हे विचारणे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

लस : पुण्याची कामगिरी आणि जंतूची पळवाट

ज्या मुलाला लस मिळाली, त्याच्यावर औषध वापरायची पाळीच कमी येते. शिवाय ही लस नाकाघशातल्या बिऱ्हाडालाही आळा घालते, त्यामुळे लस न घेतलेल्यांनाही फायदा होतो. अमेरिकेत २००० साली न्यूमोकॉकसच्या सात कवचांविरुद्ध लस आली, तेव्हा आजार घटला आणि औषधांना न जुमानणारे वंशही घटले. पण जंतूने पळवाट काढली. लसीत नसलेले '१९-ए' कवच वाढू लागले. काही वंशांनी तर जुने कवच टाकून १९-ए चे कवच चढवले. ग्रिफिथ यांचा १९२८ चा प्रयोग जणू पुन्हा झाला. २०१० साली तेरा कवचांची लस आली, तीत १९-ए घालावे लागले.

मेनिंगोकॉकसचेही तसेच. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात त्याच्या 'ए' प्रकाराच्या साथी येत. त्यासाठी आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ५० अमेरिकी सेंटांहून कमी किमतीत लस बनवली. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये ती देण्यास सुरुवात झाली आणि २०१७ पासून त्या पट्ट्यात 'ए' प्रकाराचा एकही खात्रीचा रुग्ण नोंदला गेला नाही. गरीब देशांसाठी गरीब देशाने केलेले हे काम अभिमानाचे आहे. परंतु २०१३ साली उत्तर नायजेरियात 'सी' प्रकाराचा नवा वंश उगवला. एरवी घशात निमूट राहणाऱ्या एका बिनकवचाच्या जंतूने कवचाची पाने मिळवली होती. २०१७ साली त्याच्या साथीत नायजेरियात १४ हजारांहून अधिक संशयित रुग्ण आणि ११०० हून अधिक मृत्यू झाले. आता पुण्यातच तयार झालेली पाच प्रकारांविरुद्धची लस २०२४ च्या मार्चपासून नायजेरियात देण्यात येऊ लागली आहे.

आपल्याकडे न्यूमोकॉकसची पीसीव्ही ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रांत मोफत मिळते : दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा. हिबविरुद्धची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असते : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. जन्मल्यावर देतात ती बीसीजी लहान मुलांना टीबीच्या मेंदूज्वरापासून संरक्षण देते. खाजगीत यांना पैसे पडतात, सरकारात पडत नाहीत. आपल्या बाळाचे कार्ड आजच काढून पाहा.

घरच्यांनी एवढे जाणावे

ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठ, उलट्या, उजेड सहन न होणे, गुंगी, आकडी. तान्ह्या बाळाची टाळू फुगणे, दूध न ओढणे, किंचाळून रडणे. अंगावर दाबूनही न जाणारे लालजांभळे डाग. यांपैकी लक्षणे दिसली तर अंगारा नको, भगत नको, 'बाहेरचे काही लागले' ही भाषा नको. थेट मोठे सरकारी रुग्णालय गाठावे. येथे तासांची किंमत आहे.

डॉक्टर पाठीतले पाणी काढायचे म्हणाले तर घाबरून सही नाकारू नका. 'पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो' ही खुळी समजूत आहे. सुई कमरेजवळ, मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली घालतात. त्या पाण्यावरूनच कळते की जंतू कोणता आणि त्याच्यावर कोणते औषध चालेल. मात्र घरी आधीच दोन-चार अँटिबायोटिक गोळ्या दिलेल्या असतील, तर जंतू त्या पाण्यात उगवत नाहीत आणि तपास चुकतो. अशा गोळ्या दिल्या असल्यास डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

ज्या पाकिटावर लाल उभी रेघ आहे, ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नका. दिली तेवढे दिवस, दिली त्या वेळेला घ्या. उरलेली साठवू नका, दुसऱ्याला देऊ नका. आणि डॉक्टरांनी 'याला अँटिबायोटिकची गरज नाही' म्हटले, तर त्यांना कमी लेखू नका. चांगल्या डॉक्टरची ती खूण आहे.

आजारी पडून स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वहस्ते न्हाऊ घातले आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असे संघाला समजावले, ही कथा आपण विहारात ऐकतो. आजची सेवा म्हणजे केवळ उशाशी बसणे नव्हे. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे काढून वस्तीतल्या पाच वर्षांखालील मुलांच्या लसीकरणाच्या कार्डांची यादी करावी, राहिलेल्या मुलांची नावे आशाताईंना द्यावीत. महिला मंडळांनी फळीवरच्या उरलेल्या गोळ्यांचा विषय घरोघरी काढावा. यात कुणाला वर्गणी द्यावी लागत नाही.

जंतू शिकत आहेत, रोज शिकत आहेत. ज्या समाजाला बाबासाहेबांनी पहिला शब्द 'शिका' असा दिला, तो समाज जंतूंच्या मागे राहून कसे चालेल?

जय भीम!